संशोधनाच्या पैशाला पिनकोड असतो

प्रति,
विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार
तसेच
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, नवी दिल्ली

विषय : परदेशी भागीदारांबरोबरच्या सरकारी संशोधन-अनुदानात जागेची अट घालण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी शास्त्रज्ञ नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्पांचे हिशेब सांभाळण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. शास्त्रज्ञ शोध लावायचे, मी बिलं लावायचे. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला (सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला, म्हणजे जीएफआरमधला, नमुना १२-ए), वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. त्यामुळे मार्च महिन्यात भले भले प्राध्यापक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. टॅक्सीची पावती हरवली तर ती का हरवली याचा खुलासा. रसायनांच्या हेडमधून टेबलफॅन घेतला तर त्याचा खुलासा. एवढ्या काटेकोर हिशेबात एक प्रश्न मात्र मला कोणी नीट विचारल्याचं आठवत नाही : हा पैसा नेमका कुठल्या जमिनीवर खर्च झाला?

निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. परदेशी भागीदाराबरोबरचा एक प्रकल्प होता. नमुने मोजायचं एक छोटं उपकरण आमच्याकडून तिकडे जायचं होतं, मिक्सरच्या खोक्याएवढं खोकं. करारावर आणि लेटरहेडवर एका शहराचा पत्ता. पण तिकडच्या संशोधकाने मेल केली की खोकं थेट फील्ड स्टेशनला पाठवा, आणि वेगळाच पत्ता दिला. कुरिअरचा पोरगा फोनमध्ये पत्ता भरता भरता थांबला. म्हणाला, "मॅडम, ह्या कोडला ॲप दोन देश दाखवतंय. कुठला टाकू?" मी वर विचारलं. वरून उत्तर आलं, लेटरहेडवर आहे तो पत्ता टाका आणि विषय संपवा.

माझ्यापुरता तो संपला नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची चंदगड तालुक्यातली. आमच्याकडे बाजार बेळगावचा, डॉक्टर बेळगावचा, लग्नाच्या साड्या बेळगावच्या. सीमाप्रश्न आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधान सौध उभी राहिली, ती बंगळुरात आमदारांना बसायला जागा अपुरी पडत होती म्हणून नव्हे. आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकने जी आगपाखड केली, ती काही आजारी माणसांना औषध मिळेल म्हणून नव्हती. सरकारी पैसा एखाद्या जागी पडला की तो "ही जागा आमची" असं म्हणतो, हे दोन्ही बाजूंना पुरतं कळतं. आता हा वाद एकाच देशातल्या दोन राज्यांचा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे कोणाचं सैन्य कोणावर बसलेलं नाही. पुढे मी ज्या जागांबद्दल लिहिणार आहे त्यांच्याशी त्याची बरोबरी करायची नाही. पैसा कसा बोलतो एवढं कळायला मात्र तो पुरेसा आहे.

ज्या प्रकरणामुळे जगभरच्या अनुदान-कार्यालयांना हा प्रश्न टाळता येईनासा झाला, ते युरोपीय संघ आणि इस्रायल यांचं आहे. युरोपच्या सामायिक संशोधन कार्यक्रमात १९९६ मध्ये सामील झालेला इस्रायल हा पहिला बिगर-युरोपीय देश. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग लोकांच्या लक्षात आलं की मृत समुद्राच्या चिखलापासून सौंदर्यप्रसाधनं बनवणारी अहावा ही कंपनी युरोपच्या पैशावरच्या प्रकल्पांत भागीदार आहे. त्यातला एक होता नॅनोरेटॉक्स : अतिसूक्ष्म कणांचे शरीरावर आणि पाण्यावर काय परिणाम होतात याचा अभ्यास, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या नेतृत्वाखाली. विषय चांगला, गरजेचा. पण कंपनीचा कारखाना होता मित्झपे शालेम इथे. ही वेस्ट बँकमधली वसाहत, इस्रायलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या जमिनीवरची. विचारणा झाली तेव्हा युरोपीय आयोगाचं उत्तर साधारण असं होतं की कंपनीचा नोंदणीकृत पत्ता इस्रायलच्या मान्य हद्दीत आहे, सबब ती पात्र आहे.

हे उत्तर वाचलं आणि मला माझं लेटरहेड आठवलं.

कायद्याच्या बाजूने यात चूक काय, तेही सांगते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम म्हणतं की कब्जा करणाऱ्या सत्तेने आपले नागरिक कब्जातल्या मुलखात नेऊन वसवायचे नाहीत. त्याआधीचे १९०७ चे हेगचे नियम म्हणतात की तिथल्या सरकारी जमिनी-मालमत्तेची ती सत्ता फक्त वहिवाटदार. फळं खावीत, झाड तोडू नये, अशा थाटाची ही व्यवस्था. कुळकायदा माहीत असलेल्या कोणालाही ती चटकन समजावी. वसाहतीतल्या प्रयोगशाळेला अनुदान देणारा त्या वसाहतीला नुसता हातभार लावत नाही. ती नेहमीसारखी, कुठल्याही गावासारखी जागा आहे यावर तो शिक्काही मारतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण एरिएलचं. हिरव्या रेषेच्या, म्हणजे १९४९ च्या युद्धविरामरेषेच्या, बऱ्याच आत वेस्ट बँकमध्ये ही वसाहत आहे. १९८२ मध्ये बार-इलान विद्यापीठाची शाखा म्हणून सुरू झालेलं एक कॉलेज तिथे होतं. वाढत गेलं. डिसेंबर २०१२ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तो देण्याच्या आदेशावर सही होती तिथल्या लष्करी विभागाच्या प्रमुखाची. विद्यापीठ अनुदान आयोगाऐवजी सेनापती एखाद्या कॉलेजला विद्यापीठ करतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. कारण साधं होतं : तो मुलूख इस्रायलच्या नागरी कायद्याखाली नव्हताच, लष्करी अमलाखाली होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये इस्रायलच्या संसदेने कायदा करून वसाहतींमधल्या उच्चशिक्षण संस्थाही देशातल्या नेहमीच्या परिषदेच्या कक्षेत आणल्या. सव्वापाच वर्षांत सेनापतीच्या सहीची गरज संपली. जमिनीचं काहीच बदललं नव्हतं, बदलला होता तो कागद. म्हणून कागदावर काय लिहितो याला मी एवढं महत्त्व देते.

युरोपने शेवटी जुलै २०१३ मध्ये नियम प्रसिद्ध केले. १९६७ च्या जूनपासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या भूभागांतल्या संस्था आणि तिथलं काम यांना २०१४ पासून युरोपीय अनुदान, पारितोषिक किंवा कर्जसाहाय्य न देण्याबाबतचे. गोलन टेकड्या, गाझा पट्टी, पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँक, अशी जागांची नावं घेऊन. ते नियम मी निवृत्तीनंतर निवांत वाचले, आणि हिशेबनीस म्हणून दोन गोष्टींवर खूश झाले. एक, अनुदानासाठी संस्था कुठे नोंदलेली आहे एवढंच पाहत नाहीत. काम कुठे होणार तेही पाहतात. लेटरहेडची पळवाट तिथे बुजली. दुसरी त्याहून गोड. संस्थेचा पत्ता म्हणजे प्रत्यक्ष जागा दाखवणारा नेमका टपाली पत्ता हवा, पोस्टबॉक्स नंबर चालणार नाही, असं त्यात चक्क लिहिलंय. ज्याने कोणी हे वाक्य घातलं त्याने कधीतरी बिलं तपासली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यात सवलतीही आहेत, आणि नियमांचं शहाणपण मला त्यांतच जास्त दिसतं. माणसांना, म्हणजे एकेकट्या व्यक्तींना, ही अट लागू नाही. कब्जाखालच्या रहिवाशांच्या भल्यासाठी चाललेल्या कामाला लागू नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या मंत्रालयांना आणि सरकारी यंत्रणांना पत्त्याची अट लागू नाही. म्हणजे पासपोर्ट पाहून कोणाला दारातून परत पाठवणारी ही अट नव्हे. प्राध्यापक कुठला, कोणत्या धर्माचा, मत कोणाला देतो, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती फक्त विचारते, टेबल कुठे मांडणार?

आरडाओरडा व्हायचा तो झालाच. त्या वेळी युरोपचा होरायझन २०२० हा सात वर्षांचा, जवळपास ८० अब्ज युरोंचा कार्यक्रम तोंडावर होता. इस्रायल सरकार म्हणालं, असली अट आम्ही मान्य करणार नाही. तिथल्या विद्यापीठांच्या पोटात गोळा आला, कारण त्या पैशावर त्यांच्या कितीतरी प्रयोगशाळा चालायच्या. नोव्हेंबर २०१३ च्या अखेरीस तोडगा निघाला : युरोप आपले नियम लावणार, आणि ते आपल्याला मान्य नसल्याचं निवेदन इस्रायल कराराला जोडणार. जून २०१४ मध्ये सह्या झाल्या. अट राहिली, सहकार्यही राहिलं, प्रत्येकाने आपापली नाराजी टाचणीने जोडली. सरकारी कामात यापेक्षा मोठं यश मी तरी पाहिलेलं नाही.

आणि ही काही युरोपचीच खोड नव्हती. अमेरिका आणि इस्रायल यांनी १९७० च्या दशकात संशोधनासाठी तीन संयुक्त निधी उभे केले, एक मूलभूत विज्ञानाचा, एक उद्योगाचा, एक शेतीचा. त्यांच्या करारांतही अट होती : ५ जून १९६७ नंतर इस्रायलच्या प्रशासनाखाली आलेल्या भागांत प्रकल्प करायचे नाहीत. इस्रायलचा सगळ्यात जवळचा मित्रदेश, आणि त्याच्याच करारात हे वाक्य चाळीसहून जास्त वर्षं बसून होतं. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही, सामान्य माणसाला ते वाक्य आहे हे माहीतही नव्हतं. २८ ऑक्टोबर २०२० रोजी ते काढून टाकलं गेलं. त्याचा समारंभ कुठे झाला? एरिएलच्या विद्यापीठात, अमेरिकेचे राजदूत आणि इस्रायलचे पंतप्रधान यांच्या उपस्थितीत. वाक्य काढणाऱ्यांना त्याचा अर्थ काय ते बरोबर कळत होतं. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढच्या प्रशासनाने आपल्या खात्यांना पुन्हा कळवलं की त्या भागांत वैज्ञानिक सहकार्य करणं धोरणाशी विसंगत आहे.

पुरातत्त्वाचं वेगळं सांगते, कारण तिथे कायदा आणि नीती एकमेकांत गुंतलेली आहेत. खणलेली माती परत तशीच भरता येत नाही. म्हणून १९५४ च्या हेग कराराच्या १९९९ मधल्या दुसऱ्या जोडकराराने कब्जातल्या मुलखात उत्खननालाच बंदी घातली, वस्तू वाचवण्यासाठी अगदी गरजेचं असेल तेवढं सोडून. (इस्रायल या जोडकरारात नाही.) वेस्ट बँकमध्ये उत्खननं होत राहिली. कोण खणतंय त्यांची नावं जाहीर करा, अशी मागणी घेऊन स्वयंसेवी संस्था इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने नावं गुप्त ठेवायला परवानगी दिली. बहिष्कार पडून त्या संशोधकांचं नुकसान होईल, हे कारण. न्यायालयाची अडचण मी समजू शकते. पण ज्या कामावर करणाऱ्याला स्वतःचं नाव घालता येत नाही, त्याचं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते पास केलं नसतं.

आता आपल्याकडे येते.

भारत आणि इस्रायल यांचं संशोधनातलं नातं चांगलं आहे, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. दापोलीला आंबा, नागपूरला संत्रं, राहुरीला डाळिंब, अशी दोन्ही देशांच्या भागीदारीतली केंद्रं महाराष्ट्रातच आहेत. २०१७ मध्ये आपल्याच विभागाने इस्रायलच्या नवोन्मेष प्राधिकरणाबरोबर औद्योगिक संशोधनाचा संयुक्त निधी ठरवला, पाच वर्षांत ४ कोटी डॉलर, निम्मे त्यांचे, निम्मे आपले. शिवाय भारताने युरोपच्या होरायझन कार्यक्रमाशी संलग्न व्हावं याची बोलणी सुरू झाल्याच्या बातम्या आहेत. तसं झालं तर जागेच्या या अटी आपल्या शास्त्रज्ञांच्या करारांत येणारच, फक्त दुसऱ्याने लिहिलेल्या. आणि फाउंडेशनबद्दल म्हणाल, तर २०२३ च्या कायद्याने ते आलं तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटींची योजना मांडली गेली होती, त्यातले १४ हजार कोटी सरकारचे आणि बाकीचे उद्योग, दाते वगैरेंकडून यायचे. सरकारच्या पैशामागे निदान जीएफआर असतो. बाहेरचे पैसे येतात तेव्हा देणाऱ्याच्या सोयी घेऊन येतात, म्हणून अट आधीच लिहिलेली बरी.

अट कशाच्या आधारावर लिहायची? आपल्याच परराष्ट्र धोरणाच्या. भारताने पॅलेस्टाइनला १९८८ मध्येच मान्यता दिली. सीरियाच्या गोलन टेकड्यांवरून इस्रायलने मागे हटावं या ठरावाच्या बाजूने आपण नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मत दिलं. सुरक्षा परिषदेच्या २०१६ च्या २३३४ क्रमांकाच्या ठरावात तर सर्व देशांना सांगितलंय की आपल्या व्यवहारांत इस्रायलचा प्रदेश आणि १९६७ पासून ताब्यात असलेला प्रदेश यांत फरक करा. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिलं : तो कब्जाच बेकायदा आहे, आणि तो टिकवायला मदत न करणं हे इतर देशांचंही कर्तव्य आहे. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये आमसभेत मतदान झालं तेव्हा १२४ देश बाजूने होते, भारत तटस्थ राहिला. राहो. सभागृहात तटस्थ राहता येतं. पैसे पाठवताना येत नाही. खोकं तिथे जातं किंवा जात नाही.

इथे कोणीतरी हळूच विचारणार, आणि विचारायलाच हवं : मग हानलेचं काय? लडाखमध्ये सुमारे साडेचार हजार मीटरवर आपली हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, अलीकडे तिथेच गॅमा किरणांची २१ मीटरची मेस दुर्बीणही आली. चीनच्या ताबारेषेपासून हानले काही फार लांब नाही. आपण दुसऱ्याला जागा विचारायला लागलो तर उद्या आपल्यालाही विचारतील, अशी भीती दिल्लीत असेल तर ती मला हास्यास्पद वाटत नाही. पण अट न लिहिल्याने आपण वाचतो, हा समज खोटा आहे. २००९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या भारतासाठीच्या आराखड्याला चीनने हरकत घेतली, कारण त्यात अरुणाचलमधल्या पाणलोट आणि पूरनियंत्रणाच्या ६ कोटी डॉलरच्या कामाचा उल्लेख होता. आराखडा सगळा मिळून २९० कोटी डॉलरचा, आणि भांडण त्या सहा कोटींवरून. तिथे आपण कुठल्याही अटीवर बोट ठेवलं नव्हतं. विचारणारे विचारतातच.

मुद्दा असा की "वादग्रस्त प्रदेश" हे एकच गाठोडं करून चालणार नाही. माझी सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे. एक जागा अशी असते जिथे कायद्याने निकाल स्पष्ट आहे : युद्धात घेतलेली जमीन, तिथे नेऊन वसवलेली माणसं, आणि घेणाऱ्याचा दावा बहुतेक जगाला अमान्य. तिथे अनुदान नाही, एवढंच लिहायचं. दुसरी जागा अशी जिथे दावे-प्रतिदावे आहेत आणि कोणीच माघार घेणार नाही. तिथे संशोधन थांबवणं मूर्खपणाचं ठरेल, हिमनद्या काही सीमा ठरायची वाट बघत नाहीत. तिथे वेगळं वाक्य लागतं, आणि ते वाक्य शोधायला आपल्याला ब्रुसेल्सला जायची गरज नाही. ते गोव्यात आहे.

वास्को द गामाला हेडलँड सड्यावर आपलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही दोन्ही स्थानकं तिथून चालतात. १९८१ च्या डिसेंबरात पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. मैत्री (१९८९) ज्या खडकाळ पट्ट्यावर आहे त्या भागावर नॉर्वेचा दावा आहे. भारती (२०१२) जिथे आहे त्यावर ऑस्ट्रेलियाचा. भारत हे दावे मानत नाही, त्यांनी ते सोडलेले नाहीत. तरी इतकी वर्षं आपला पैसा, आपले बंब, आपले डाळतांदूळ तिथे जातायत आणि एकदाही राजदूतांना बोलावणं धाडायची वेळ आली नाही, ती १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमामुळे. त्याचा मतलब असा : हा करार लागू असताना इथे केलेल्या कुठल्याही कामाने कोणाचा दावा पक्का होणार नाही, कोणाचा खोडला जाणार नाही, नवा तयार होणार नाही. सात देशांचे दावे या एका कलमाने जागच्या जागी गोठवले. मग हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञ आपापल्या कामाला लागले. मला तर ते विज्ञानाच्या इतिहासातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटतं, आणि ते कुठल्या शास्त्रज्ञाने नाही, वाटाघाटी करणाऱ्या बाबूंनी लिहिलंय. आम्हा कारकुनांची कॉलर एवढ्याने ताठ होते.

तर, अशा दुसऱ्या प्रकारच्या जागांसाठी चौथ्या कलमाच्या धर्तीवर एक परिच्छेद करारात घाला. तो आपलंही रक्षण करेल. जागांची यादी परराष्ट्र मंत्रालयाशी बोलून जोडपत्रात ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी एखाद्या लेखनिकाला आंतरराष्ट्रीय कायदा ठरवत बसावं लागणार नाही. प्रस्तावाच्या अर्जात नोंदणीचा पत्ता, प्रत्यक्ष कामाची जागा आणि उपकरण ठेवण्याची जागा असे तीन वेगळे रकाने असू द्या, आणि मुख्य संशोधकाने नाही तर संस्थेच्या प्रमुखाने त्याखाली सही करावी. युटिलायझेशन सर्टिफिकेटबरोबर तीच माहिती पुन्हा मागा. पहिल्या वर्षी खरं लिहिणारी माणसं तिसऱ्या वर्षी लेटरहेडवर जातात, हा अनुभव आहे.

अट माणसांच्या मुळावर येऊ नये, हे पुन्हा सांगते. क्रिमियात सेवास्तोपोलला सागरी जीवशास्त्राची १८७१ पासूनची संस्था आहे. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, आणि युक्रेनच्या विज्ञान अकादमीची ती संस्था पुढे रशियाच्या अकादमीकडे गेली. बाटल्या त्याच, मायक्रोस्कोप तेच, खिडकीबाहेरचा समुद्र तोच. आदल्या महिन्यात प्लवक मोजणारा माणूस पुढच्या महिन्यात खुर्चीवरून न उठता दुसऱ्या देशात गेला. संस्थेला पैसे न देणं बरोबर. पण त्या माणसाने आपल्याकडच्या फेलोशिपला अर्ज केला, तर नुसता पत्ता पाहून तो बाजूला ठेवू नका.

आणि स्थानिक माणसांचं म्हणणं. कब्जा असो वा नसो, दूरच्या राजधानीतून येणारा पैसा तिथल्या लोकांना विचारत नाही, ही खोड सगळ्यांची. आपल्याकडे हानलेचंच एक चांगलं उदाहरण आहे. रात्रीचं आकाश काळोखं राहावं म्हणून तिथे राखीव क्षेत्र केलं, तेव्हा गावातल्याच लोकांना दुर्बिणी देऊन, शिकवून, पाहुण्यांना आकाश दाखवायचं काम दिलं. गावाने दिवे झाकायचे, तर गावाला त्याचं काहीतरी मिळालं पाहिजे, इतका साधा हिशेब. परदेशी भागीदारीच्या प्रकल्पातही हे विचारा : तिथल्या कोणाची परवानगी घेतली, नमुने कुठे राहणार, निष्कर्ष तिथल्या भाषेत कोण सांगणार. ज्या जागी परवानगी देऊ शकेल असा माणूसच परवाना आणि चेकपोस्टशिवाय हलू शकत नाही, तिथे सहीचा कागद मिळाला तरी त्याला संमती म्हणायचं का, हेही ठरवा.

विज्ञानाला सीमा नसतात, हे वाक्य मला तोंडावर फेकलं जाईल याची कल्पना आहे. आमच्या संस्थेत ते भिंतीवरच होतं. त्याच भिंतीखाली बसून मी शोधनिबंधांतले भारताचे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडून पाहायचे, कारण चुकीची सीमा छापली तर कायद्याने तुरुंगवास आहे. आपल्या सीमेची रेघ मिलिमीटरने सरकली तर चालत नाही. मग दुसऱ्याच्या जमिनीवर आपला पैसा कुठे पडतो, हे विचारायला संकोच कसला?

ते खोकं शेवटी लेटरहेडवरच्या पत्त्यालाच गेलं. आठ दिवसांनी पोच आली, सही-शिक्क्यानिशी. मी ती फाइलला लावली आणि वर हिरव्या पेनने "प्राप्त" असं लिहिलं. दोन महिन्यांनी प्रगती अहवालात उपकरणाचा फोटो आला. मागे खिडकी होती, खिडकीबाहेर टेकडी, टेकडीवर तारेचं कुंपण आणि ऑलिव्हची झाडं. करारातलं शहर समुद्रकाठचं होतं. फोटो मी फाइलला लावला, हप्ता सुटला.

आपली,
एक निवृत्त प्रकल्प-लेखा अधिकारी
पुणे